मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाचा जमाखर्च

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग एवढ्या मुलखात ते पसरले आहेत. त्यांतले तीन हजारांहून अधिक चंद्रपूर व गडचिरोली या दोनच जिल्ह्यांत येतात. लोकांच्या तोंडी ते मामा तलाव. बहुतेकांची पाळ मातीची, पाणी उथळ आणि सिंचनाचे क्षेत्र लहान. यांतले बरेच तलाव आज गाळाने भरले आहेत. पाळीवर वाढलेल्या झाडांच्या मुळांनी ती पोखरली गेली आहे, तुडुमे, म्हणजे पाणी सोडण्याची दारे, निकामी झाली आहेत, नहरा बुजल्या आहेत आणि पाणी ओसरलेल्या कडांवरून शेते आत सरकली आहेत. या तलावांना पुन्हा कामाला लावायचे तर खर्च किती येईल, त्यातून काय मिळेल, कोणाला मिळेल आणि किती वर्षे मिळेल, हे उन्हाळ्यात पोकलेन तलावात उतरण्याआधी विचारले जायला हवे. बहुतेक वेळा तसे होत नाही. किती घनमीटर गाळ निघाला, एवढाच आकडा अहवालात येतो.

जमाखर्च मांडण्याआधी तलाव नेमके काय काम करतो ते पाहावे लागते. या भागात वर्षाला साधारण बारा ते पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याच्या किंवा माणदेशाच्या मानाने तो भरपूर आहे. धानाची अडचण पावसाच्या मापात नसून त्याच्या वेळेत आहे. जुलैत पावसाने ओढ दिली की पऱ्हे तयार असूनही बांधीत चिखल होत नाही आणि रोवणी खोळंबते. सप्टेंबरअखेर पाऊस निघून गेला की हलके धान तरून जाते, पण भारी धान नेमके निसवण्याच्या बेतात असताना कोरडे पडते आणि लोंब्या पोचट निघतात. मामा तलावाचे पाणी सबंध हंगाम पुरेल इतके कधीच नसते. ते अडलेल्या रोवणीला आणि निसवत्या धानाला दोन-तीन पाळ्या देण्यापुरते असते. म्हणून या पाण्याची किंमत त्याच्या घनफळापेक्षा ते ज्या आठवड्यात मिळते त्यावर ठरते. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिळालेले पाणी आणि डिसेंबरात मिळालेले पाणी यांना एकाच दराने मोजणारा हिशेब मुळातच चुकतो.

दुसरी गोष्ट अशी की यांतले अनेक तलाव सुटे नाहीत. जंगलाच्या पायथ्याशी वरचा तलाव, त्याच्या सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, उतरलेले पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, तिथून बांध्या-बांध्यांतून नाल्याकडे अशी ही साखळी असते. वरचा तलाव गाळाने भरला की खालच्यात गाळ लवकर येतो. वरची पाळ फुटली की खालची धोक्यात येते. एकट्या तलावाचे अंदाजपत्रक करणे कार्यालयाला सोयीचे असले तरी लाभ आणि जोखीम दोन्ही साखळीत वाटलेल्या असतात.

ही व्यवस्था उभी राहिली तीच मुळी एका आर्थिक कराराने. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन बहाल करण्याचा शिरस्ता ठेवला, असे परंपरा सांगते, आणि त्यात हिरशहाचे नाव आवर्जून घेतले जाते. तलाव बांधणाऱ्याला किंवा रान मोडून शेत करणाऱ्याला जमीन देण्याची ‘तुकुम’ची पद्धत चांदा जिल्ह्याच्या ब्रिटिशकालीन महसुली लिखाणातही येते. भंडारा-गोंदियाकडे आणि त्याला लागून असलेल्या चांद्याच्या उत्तर भागात तलाव बांधण्याचे कसब कोहळी समाजाकडे होते. उतार वाचून पाळीची जागा निवडणे, सलंग खडकावर किंवा मुरमावर टेकवणे, उसाला आणि धानाला पाण्याची पाळी ठरवणे ही त्यांची विद्या. भांडवल घालणारा, श्रम करणारा आणि लाभ घेणारा एकाच गावात राहत होता, त्यामुळे दुरुस्ती टाळली तर तोटा कोणाला होणार हे सर्वांना ठाऊक होते.

1861 मध्ये मध्य प्रांताची रचना झाल्यावर आलेल्या बंदोबस्ताने मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांना, मालकी दिली. तलाव त्यांचे झाले आणि गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईवरचे, लाकूडफाट्यावरचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ व निस्ताराच्या नोंदींत उतरले. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तलावाची डागडुजी बऱ्याच ठिकाणी वेठीच्या श्रमांवर चालत असे, आणि तो खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता. आजच्या दुरुस्तीचा खर्च जुन्याच्या तुलनेत जास्त वाटतो, त्याचे एक कारण हेही आहे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनंतर सरकारने मोठ्या तलावांकडे लक्ष वळवले. असोलामेंढा, नलेश्वर आणि घोडाझरी हे चांदा जिल्ह्यातले मोठे जलाशय विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतले आहेत.

निर्णायक बदल 31 मार्च 1951 रोजी झाला. मध्य प्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलनाचा 1950 चा कायदा त्या दिवशी लागू झाला आणि मालगुजारी संपली. ज्या तलावावर मालगुजाराखेरीज कोणाचाच सिंचनाचा हक्क नव्हता असे काही तलाव त्याच्याकडे राहू शकले. गावाचे हक्क असलेले तलाव शासनाकडे आले. विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. पण मालगुजारासोबत पाळीवर नजर ठेवणारा, पावसाळ्याआधी उंदराची बिळे बुजवणारा, तुडुम उघडण्याचा दिवस ठरवणारा असा जो कोणी होता तोही गेला, आणि त्याच्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही. निस्तारात नोंदलेल्या पाण्यावर पट्टी बसवता येते का हा वाद वर्षानुवर्षे चालला. पट्टी येत नाही म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून पट्टी द्यायला कोणी तयार नाही, अशा कोंडीत तलाव अडकले.

आता खर्चाची बाजू. गाळ काढणे, पाळीची माती दाबून तिला उतार देणे, तुडुमाचे बांधकाम, सलंगाची दुरुस्ती आणि नहरांची सफाई या पाच बाबी अंदाजपत्रकात असतात. यांत गाळाला सर्वांत जास्त पैसा लागतो आणि सिंचनाला त्याचा उपयोग अनेकदा सर्वांत कमी होतो. याचे कारण तांत्रिक आहे. तुडुमाच्या उंबऱ्याच्या खाली जे पाणी साठते ते उताराने शेतात जाऊ शकत नाही. उंबऱ्याखाली खोदलेला प्रत्येक घनमीटर मासळीला, जनावरांना आणि भूजलाला उपयोगी पडेल, पण धानाला पंप लावल्याशिवाय मिळणार नाही. तरीही अहवालात सगळा खोदलेला खड्डा ‘वाढीव सिंचनक्षमता’ म्हणून दाखवला जातो. याउलट तुडुम गळत असेल तर भरलेला तलाव दिवाळीआधीच रिकामा होतो, आणि तुडुमाची दुरुस्ती हा या पाचांतला तुलनेने स्वस्त खर्च आहे. एखाद्या गावात पैसा थोडाच असेल तर तो आधी तुडुमावर, मग सलंगावर आणि पाळीवर, आणि शेवटी गाळावर घालावा, हा क्रम अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकतो.

सलंगाची उंची हा असाच एक मुद्दा. दहा हेक्टर पाणफैलाव असलेल्या तलावाची पातळी एक फुटाने वाढवली तर सुमारे तीस हजार घनमीटर जादा पाणी साठते, आणि तेही तुडुमाच्या वरचे, म्हणजे शेतापर्यंत जाणारे. तेवढीच जागा खोदून करायची तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पण पातळी एक फूट वर गेली की काठावरच्या बांध्या बुडतात. त्या बांध्या बहुधा अतिक्रमणाच्या नोंदीत असतात आणि कसणारी कुटुंबे गावातली सर्वांत गरीब असतात. त्यांचे नुकसान अंदाजपत्रकात नसते. ते बेकायदा आहेत म्हणून त्यांचा तोटा शून्य धरणे सोपे आहे; परंतु तो तोटा खरा असतो, आणि त्याची भरपाई ठरली नाही तर पातळी वाढवण्याचे काम कागदावरच राहते. खालच्या शेतांना होणाऱ्या लाभातून वरच्या कुटुंबांना काही वर्षे धान देण्याची सोय, किंवा मासळीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा, असा तोडगा ग्रामसभेत निघू शकतो. कार्यालयात तो निघत नाही.

खर्चाची आणखी एक बाजू पाण्याखाली असते. यंत्राने तळ सपाट आणि खोल केला की तळाचा चिकण थर फुटून मुरूम उघडा पडू शकतो आणि तलाव गळू लागतो. त्याशिवाय काठालगतची उथळ जागा नष्ट होते. मरळ, शिंगूर यांसारखे देशी मासे त्याच उथळ, वनस्पतींनी भरलेल्या जागेत अंडी घालतात आणि तिथेच पिले वाढतात. देवधान, कमळ आणि पाण्याखालच्या वनस्पती तिथे असतात. पाणपक्षी आणि आता पूर्व विदर्भात मोजकेच उरलेले सारस तिथे चरतात. सरसकट खोदकामाने सिंचनाच्या रकान्यात जमा वाढते आणि मासळीच्या रकान्यात खर्च पडतो, पण तो रकानाच छापलेला नसल्याने कोणाला दिसत नाही.

हा रकाना भरून दाखवण्याचे काम गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतचे ढिवर मच्छीमार यांनी तलावांतली बेशरमाची झुडपे काढली, तळाची नांगरट केली, देशी पाणवनस्पती शोधून पुन्हा लावल्या आणि देशी माशांना जागा करून दिली. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे ज्ञान ढिवर समाजाकडे होतेच. या कामाला लागणारा पैसा यंत्राच्या खोदकामापेक्षा फार कमी असतो. लागतात ते माणसांचे दिवस आणि जाणकारी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांना हा अनुभव थेट लागू पडतो, कारण तलावांची घडण, वनस्पती आणि मच्छीमार समाज सारखेच आहेत.

लाभाच्या बाजूला धान पहिले. येथे एक नमुना हिशेब उपयोगी पडेल. त्यातले आकडे रीत दाखवण्यापुरते मानलेले आहेत, कोणत्याही एका तलावाचे नाहीत. समजा, एका तलावाखाली 20 हेक्टर धान आहे आणि वेळेवर मिळालेल्या पाण्यामुळे दर वर्षी सरासरी हेक्टरी 5 क्विंटल धान वाचते. म्हणजे 100 क्विंटल. 2024-25 च्या हंगामातला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता, त्या दराने वर्षाला 2 लाख 30 हजार रुपये झाले. दुरुस्तीला एकदाच 12 लाख लागले असे धरू. भविष्यातला रुपया आजच्या रुपयाइतका मोलाचा नसतो म्हणून त्याला दहा टक्के दराने घटवले, तर 20 वर्षांच्या लाभाचे आजचे मोल सुमारे 19 लाख 58 हजार होते. पाच टक्के दर धरला तर तेच साडेअठ्ठावीस लाखांच्या पुढे जाते. दोन्ही रीतींनी काम फायद्याचे ठरते. पण दुरुस्तीनंतर कोणी लक्ष दिले नाही आणि पाच वर्षांत तुडुम पुन्हा बिघडले, तर दहा टक्क्यांनी लाभाचे मोल 8 लाख 72 हजारांवर येते आणि तेच काम सव्वातीन लाखांच्या तोट्यात जाते.

आता याच हिशेबात देखभालीचे वर्षाला 40 हजार रुपये मिळवले, तर 20 वर्षांचा तो खर्च आजच्या मोलाने 3 लाख 41 हजार होतो. त्यातून वाचतो तो सहाव्या ते विसाव्या वर्षाचा लाभ, म्हणजे 10 लाख 86 हजार. देखभालीचा रुपया तिपटीहून अधिक परतावा देतो. व्याजाचा दर कोणता धरावा यावर अर्थतज्ज्ञ कितीही वाद घालोत, या तलावांच्या बाबतीत निकाल त्या दरापेक्षा देखभालीवर फिरतो. आणि नेमकी हीच रक्कम योजनांत बहुधा मिळत नाही.

सरासरीचा आणखी एक दोष लक्षात घ्यावा लागतो. वर धरलेले 5 क्विंटल दर वर्षी सारखे येत नाहीत. चांगल्या पावसाच्या सालात तलावाचा लाभ जवळजवळ शून्य असतो आणि वाईट सालात सगळे पीक त्याच्यावर तरते. त्या एका सालात शेतकरी बैलजोडी विकत नाही, सावकाराकडे जात नाही, मुलीला शाळेतून काढत नाही. सरासरीत या गोष्टी पुसल्या जातात. पाऊस अधिकाधिक लहरी होत असताना तलावाचे विम्यासारखे मोल सरासरी उत्पन्नवाढीपेक्षा मोठे ठरू शकते.

धान कापल्यावर ओलीवर येणारी लाखोळी, हरभरा, जवस ही पिके, गावच्या विहिरींचे पाणी, जनावरांचे पाणी, शिंगाडा आणि मासळी हे पुढचे लाभ. यांतले मासळीचे उत्पन्न सर्वांत महत्त्वाचे, कारण ते भूमिहीनांकडे जाते. धानाचा लाभ जमिनीच्या प्रमाणात वाटला जातो; तलावाखाली दहा एकर असलेल्याला दहा वाटे आणि एक एकर असलेल्याला एक. ढिवर कुटुंबाला त्यातले काहीच नाही. शिवाय दोघांच्या गरजा एकमेकांना छेद देतात. शेतकऱ्याला ऑक्टोबरात शेवटचा थेंब हवा असतो, मच्छीमाराला उन्हाळ्यापर्यंत तळाला कमरेइतके तरी पाणी हवे असते. उंबऱ्याखालच्या पाण्याला हात लावायचा नाही असा ठराव करून, तळाच्या मध्यभागी मर्यादित खोली ठेवून आणि काठ उथळ सोडून हा तंटा बराचसा मिटतो. म्हणून खोदकामाचा आराखडा मच्छीमार संस्थेच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये, ही मागणी रास्त आहे.

गाळाचा लाभही तपासून घ्यावा लागतो. वरचा बारीक गाळ हलक्या बरड जमिनीत टाकला तर ती ओल धरू लागते, आणि शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने तो वाहून नेतात. खालचा रेताड थर मात्र शेताच्या कामाचा नसतो. तो पाळीशेजारी टाकला जातो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तलावात येतो. महाराष्ट्र शासनाच्या 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने ही वाहतूक शेतकऱ्यांवर सोपवली होती. 2023 मध्ये योजना पुन्हा आली तेव्हा लहान शेतकऱ्यांना एकरी 15,000 रुपये, अडीच एकरांपर्यंत 37,500 रुपये अनुदानाची तरतूद झाली. हा बदल योग्य होता. आधीच्या रचनेत गाळाचा लाभ ट्रॅक्टरवाल्यांकडे एकवटण्याचा धोका होता.

मजुरीचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. यंत्राने घनमीटरमागे खर्च कमी येतो हे खरे. पण समाजाच्या दृष्टीने पाहिले तर रिकाम्या हातांना दिलेली मजुरी पूर्णपणे खर्च ठरत नाही. ती गावात राहते. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र उन्हाळा सगळाच रिकामा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि त्यानंतर तेंदूपत्ता, या दोन हंगामांत जंगलातली कमाई रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा बरी पडते. तलावाचे हातकाम तेंदूनंतरच्या दिवसांत किंवा पाणी ओसरल्यावर, मोहाच्या आधी ठेवले तरच मजूर मिळतात आणि मजुरीचा लाभही खरा ठरतो. पाळ, सलंग, वनस्पती आणि नहर ही कामे हाताने व्हावीत, आणि खोल गाळापुरतेच यंत्र यावे, हा मध्यम मार्ग येथे व्यवहार्य दिसतो.

तुलनेसाठी पाणथळ जागांच्या पुनरुज्जीवनाचे जगातले दुसरे उदाहरण पाहू: पीटभूमीच्या बाबतीत हा जमाखर्च बारकाईने मांडला गेला आहे. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पृथ्वीच्या भूभागापैकी जेमतेम तीन टक्के जागेत हे थर आहेत आणि त्यांतला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातल्या कार्बनहून जास्त आहे. इंडोनेशियात पाम तेलासाठी व कागदाच्या लगद्यासाठी पीटचे पाणी चर खोदून काढले गेले. 2015 मध्ये तिथे लागलेल्या आगींचे नुकसान जागतिक बँकेने सुमारे 16 अब्ज डॉलर असे मोजले, आणि 2016 च्या जानेवारीत तिथल्या सरकारने 20 लाख हेक्टर पीटभूमी पुन्हा ओली करण्यासाठी स्वतंत्र संस्था नेमली. त्या हिशेबात लाभाचा मोठा भाग टळलेल्या कार्बनचा आणि टळलेल्या धुराचा आहे. तो साऱ्या जगाला मिळतो, तर पाणी अडवल्यावर जमीन गमावण्याचा खर्च स्थानिक शेतकऱ्यावर पडतो.

मामा तलावांचा हिशेब याच्या उलट आहे. येथे लाभ जवळजवळ सगळा स्थानिक आहे: धान, मासळी, विहीर, चारा. तलावाच्या गाळात सेंद्रिय कार्बन असतो, पण उथळ पाणी आणि धानाच्या बांध्या मिथेनही सोडतात. त्यामुळे कार्बनच्या बाजारातून पैसा मिळेल अशा आशेवर या तलावांची योजना उभी करू नये. पण पीटभूमीच्या अनुभवातली एक गोष्ट येथे तंतोतंत लागू आहे. बिघडलेली पाणथळ जागा सुधारण्यापेक्षा चांगली असलेली बिघडू न देणे कितीतरी स्वस्त पडते. चंद्रपूर-गडचिरोलीत पाणलोट जंगलात असलेले, अजून बऱ्या स्थितीतले तलाव आहेत. योजनांचा ओघ मात्र सर्वांत बिघडलेल्या तलावांकडे जातो, कारण तिथे खोदायला जास्त सापडते.

चंद्रपूर शहरातला गोंडकालीन रामाळा तलाव हे वेगळ्या प्रकारचे उदाहरण आहे. तिथे सिंचन नाही. सांडपाणी आणि त्यावर माजलेली जलपर्णी आहे. 2021 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी तलावासाठी उपोषण केले आणि त्यानंतर तलाव रिकामा करून गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा तलावात गाळाचा खर्च हा मुख्य खर्चच नव्हे. नाल्यांचे पाणी वळवण्याचा आणि शुद्ध करण्याचा खर्च मुख्य आहे, आणि तो केल्याशिवाय काढलेला गाळ म्हणजे पुढच्या गाळासाठी केलेली जागा ठरते.

मोठ्या धरणाशी तुलना टाळता येत नाही, कारण पैसा त्याच तिजोरीतून येतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली. मूळ अंदाज 372 कोटींचा होता, नंतरच्या सुधारित मान्यतेत तो 18,494 कोटींवर गेला. अपेक्षित सिंचन सुमारे अडीच लाख हेक्टर. म्हणजे हेक्टरी सात लाखांहून अधिक. ही तुलना जशीच्या तशी करणे अन्यायाचे होईल, कारण नदीचे पाणी उन्हाळी धानालाही मिळू शकते आणि तलाव एका वाईट सालात स्वतःच कोरडा राहू शकतो. शिवाय दोन्ही एकमेकांचे वैरी नाहीत: गोसीखुर्दचा उजवा कालवा असोलामेंढ्यापर्यंत येतो आणि त्या जुन्या जलाशयाचे नूतनीकरण त्याच प्रकल्पाचा भाग आहे. परंतु वर धरलेल्या नमुन्यात 20 हेक्टरांसाठी 12 लाख, म्हणजे हेक्टरी 60 हजार रुपये होतात. प्रत्यक्षात हा आकडा दुप्पट-तिप्पट निघाला तरी तलावाच्या बाजूचे पारडे जडच राहते. कमी पडतो तो परतावा नसून त्या परताव्याची राखण करणारा अधिकृत माणूस.

केंद्र शासनाची जलाशयांच्या दुरुस्ती-नूतनीकरणाची योजना 2005 पासून आहे. राज्यात 2014 अखेरीस जलयुक्त शिवार आले आणि 2022 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात 75 अमृत सरोवरांचे उद्दिष्ट ठरले, ज्यात किमान एक एकर जागा आणि दहा हजार घनमीटर साठा ही अट होती. या सर्वांनी कामे झाली, काही तलाव खरोखर सुधारले. पण प्रत्येक योजनेचे मोजमाप काम पूर्ण होण्याच्या दिवशी थांबते. पाच वर्षांनी त्या तलावाखाली किती धान पिकले आणि ढिवरांच्या जाळ्यात काय आले, हे मोजण्याची तरतूद असायला हवी होती. त्यातच तलाव जिल्हा परिषदेचा, मासेमारीचा ठेका दुसऱ्या खात्याचा, गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर कसली जाणारी, जमीन महसूलची आणि पाणलोट वनविभागाचा असेल तर दुरुस्तीच्या आधी परवानग्यांचाच खर्च उभा राहतो.

या अडचणीवर कायद्याने वाट करून दिलेली आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यात लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद आहे आणि महाराष्ट्राचे त्याखालचे नियम 2014 मध्ये आले. 2006 च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक हक्कांत मासळी आणि जलाशयांतली इतर उत्पादने स्पष्टपणे येतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळवून बांबूच्या व्यवहारातून रोजगार उभा केला. अशा ग्रामसभांकडे आता स्वतःचे उत्पन्न, हिशेबाची सवय आणि निर्णयाची शिस्त आहे. मालगुजारी गेल्यावर तलावाची राखण करणारी जी जागा रिकामी राहिली, ती वेठीशिवाय आणि मालकाशिवाय भरून काढू शकेल अशी संस्था सत्तर वर्षांनी पहिल्यांदा उभी राहिली आहे. शेतकरी, ढिवर आणि काठावरचे गाळपेरकरी तिघेही तिच्या सभेत बसतात, म्हणून नफ्या-तोट्याची वाटणी तिथे होऊ शकते.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या जिल्हा नियोजन समित्यांनी पुढील वार्षिक योजनेत तलावांच्या देखभालीसाठी गाळकामापासून वेगळे लेखाशीर्ष उघडावे, ती रक्कम दर वर्षी थेट ग्रामसभेच्या खात्यात द्यावी आणि तिचा विनियोग मच्छीमार संस्थेसह झालेल्या ठरावाने व्हावा. तलाव असलेल्या प्रत्येक गावाने या मागणीचा ठराव करून समितीकडे पाठवावा.